टीटी-०२ मध्ये कोणती ब्रशलेस मोटर बसवू? आणि निगा कशी राखू?

तुम्ही लिहिलंय की तमियाची टीटी-०२ ही रिमोटवर चालणारी गाडी किटात आली तशीच दोन महिने चालवताय, आता वेग कमी वाटतो, म्हणून मोटर बदलायची आहे. मोटरचं शेवटी सांगतो. मी आधी मोटरच घेतली होती, त्याची गोष्ट ऐका.

दिवाळीच्या बोनसमधून ब्रशलेस मोटर (आत कार्बनचे ब्रश नसलेली) आणली आणि बाकी गाडीला हातही लावला नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन रविवार मजा आली. चौथ्या रविवारी मागचं डावं चाक डुगडुगायला लागलं. उघडून पाहतो तर एक्सलभोवतीचा प्लॅस्टिकचा बुश एका बाजूने झिजून लंबगोल झालेला, आणि आत ग्रीस व धूळ मिसळून काळी लेई झालेली. मोटरची अर्धी ताकद त्या लेईतच जात होती.

म्हणून पहिला खर्च त्या बुशांच्या जागी बसणाऱ्या बॉल बेअरिंगचा. या गाडीला बहुतेक ११५० मापाची लागतात, म्हणजे बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी आणि जाडी ४ मिमी. मोटरच्या मानाने किरकोळ पैसे. बसवल्यावर चाक बोटाने फिरवून बघा, फरक लगेच कळेल, आणि किटातल्या जुन्याच ५४० मोटरवर गाडी मोकळी पळायला लागेल. कित्येकांची वेगाची तक्रार इथेच मिटते.

गाडी उघडण्याआधी एक सांगतो. तमिया जपानी कंपनी, तिचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) पद्धतीचे. आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची खाच झिजून गोल होते, मग तो स्क्रू काढता काढता अख्खी संध्याकाळ जाते. जेआयएसचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी 'टक्' असं जाणवेल, तो जुन्या आट्यात उतरला. तिथून पुढे सुलटा पिळा. थेट पिळलात तर नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळात भोक ढिलं होतं. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) फक्त धातूत धातू जाते तिथेच, उदाहरणार्थ मोटरचे दोन स्क्रू. प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकतं.

दुसरा खर्च डॅम्परचा, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या भागांचा. किटातले नुसते घर्षणावर चालतात, तेल नसतं, त्यामुळे खडबडीत डांबरावर गाडी चेंडूसारखी उडते. चार तेलाचे डॅम्पर घ्या. ४०० नंबरच्या (नंबर म्हणजे तेलाचा दाटपणा) तेलाने सुरुवात करा. तेल काठोकाठ भरा, पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करा, आणि मग डॅम्पर उभा ठेवून चहा प्यायला जा. खरंच. बुडबुडे वर यायला वेळ लागतो आणि घाई केली की चारपैकी एक डॅम्पर हमखास 'फस् फस्' करतो. मी पहिल्यांदा चारही पुन्हा उघडले होते.

स्टिअरिंगमधला प्ले (ढिलेपणा) तुम्हाला जाणवत असेलच, सरळ सोडली तरी गाडी हेलकावते. त्यात मोठा वाटा किटातल्या मऊ सर्व्हो सेव्हरचा (स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग) असतो. तो कडक घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत निळे भाग दिसतात छान, पण बहुतेक बाहेरून मागवावे लागतात, वर कस्टम्स भरा. माझ्या मते ते पैसे टायरवर घाला.

रोजची निगा फार नाही. खेळून झालं की मऊ ब्रशने धूळ झाडा, चाकांभोवती गुंडाळलेले केस-धागे काढा, स्क्रू एकदा चाचपून बघा. पाण्याचा फवारा नको. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज म्हणजे दर सेलला ४.२ व्होल्ट, ३.२ च्या खाली उतरू देऊ नका आणि आठवडाभर खेळणार नसाल तर ३.८ वर ठेवा. ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लायपो कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवायची सोय, आहे ना, हे आधी बघा. नसेल तर निकेलवाली बॅटरीच बरी.

आता मोटर. टर्न (मोटरमधल्या तारेचे वेढे) जितके कमी तितकी मोटर तापट, म्हणून पहिली घेताना जास्त टर्नची घ्या, आणि तुमचा ईएससी किती टर्नपर्यंत झेपवतो ते त्याच्या माहितीपत्रकात वाचा. किटात पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) २२ दातांचा आणि स्पर (त्याला लागून फिरणारं मोठं चाक) ७० चा असतो. नव्या मोटरला सुरुवातीला लहान पिनियन लावा. पिनियन बदलला की मोटरच्या स्क्रूची जागाही किटाच्या पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे बदलावी लागते, नाहीतर दात घासून गुळगुळीत होतील. मग पाच मिनिटं पळवा, बॉडी काढा आणि मोटरवर बोट टेकवा. तीन सेकंद टेकवता आलं नाही तर पिनियन आणखी दोन दातांनी कमी करा.