सामायिक खातेवहीत नोडला विश्वासाचे गुण द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दहा चादर-टॉवेल कारखानदारांनी ब्लॉकचेनवर, म्हणजे प्रत्येकाकडे प्रत असलेल्या सामायिक खातेवहीत, मालाच्या नोंदी ठेवायच्या ठरवल्या, प्रत्येकाचा एक नोड (खात्याची प्रत ठेवणारा आणि नोंदींवर मत देणारा कॉम्प्युटर), तर नीट वागणाऱ्या नोडचे गुण वाढवून त्याच्या मताला जास्त वजन द्यावं का?

मी सोलापुरातच सॉफ्टवेअरचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: मतदानात गुण आणू नका.

सुताचा व्यापारी उधारी देतो ती वर्षांच्या व्यवहारावर, आणि पैसे बुडवून दुसऱ्या नावाने त्याच बाजारात उभं राहणं अवघड असतं. खुल्या नेटवर्कवर नवं नाव फुकट मिळतं. एकच माणूस शंभर नोड उभे करून स्वतःच स्वतःला चांगले शेरे देतो. जॉन डुसर यांनी २००२ मध्ये याला सिबिल हल्ला म्हटलं. २००३ च्या आयगेनट्रस्ट पद्धतीत नोड एकमेकांना गुण देतात, पण तिथेही आधीपासून भरवशाचे धरलेले काही नोड लागतातच. म्हणून बिटकॉइन मताचं वजन मिळवायला वीज खर्चायला लावतं, आणि इथेरियम हे दुसरं ब्लॉकचेन किमान ३२ इथर (त्याचं चलन) अडकवून परस्परविरोधी मत देणाऱ्याचे त्यातून कापतं. जुन्या चांगुलपणावर तिथे मताचं वजन वाढत नाही. ते बरोबरच आहे, कारण वर्षभर सरळ वागून एकदाच मोठा हात मारता येतो.

गुण खरे कामाला येतात ते शेजारी, म्हणजे थेट संदेश देवघेव करायचे नोड, निवडताना. इथेरियमचे नोड संदेश पसरवायला गॉसिपसब ही पद्धत वापरतात. त्यात प्रत्येक नोड शेजाऱ्यांचे गुण स्वतःपुरते ठेवतो: वैध संदेश आधी पोचवला की वाढ, खोटा पाठवला की घसरण, आणि जुनी कमाई हळूहळू विरते. हे गुण तो कुणालाही सांगत नाही, त्यामुळे कुणी कुणाची बदनामी करू शकत नाही. मला ही रचना फार आवडते. एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) मर्यादेबाहेर नोड दिसले तर जादा नोडांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात (जादा नोड दुप्पट, तर कपात चौपट) गुण कापले जातात.

हे तुम्हालाही लागू आहे. सहा जणांनी नोड एकाच कॉम्प्युटरवाल्याकडे ठेवले, तर प्रत्यक्षात सहा मतं त्याच्या हातात जातात. कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांच्या १९९९ च्या पीबीएफटी या मतदानाने एकमत करण्याच्या पद्धतीत दहापैकी तीन नोड बिघडले किंवा फितूर झाले तरी खातं बरोबर राहतं. सहा झाले तर नाही. तुम्ही दहाही जण ओळखीचे आहात, तेव्हा ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं, सारख्या वजनाची मतं आणि वेगवेगळ्या जागी ठेवलेले नोड, एवढं पुरे.

खरी भीती वेगळीच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि बाहेरचा माल त्या नावावर चढवणारा नोड नियम अगदी काटेकोर पाळू शकतो. नोंदीवरची डिजिटल सही फक्त कुणी लिहिलं एवढंच सांगते. म्हणून सूत देणाऱ्यालाही नोड द्या, दोघांच्या सह्यांशिवाय नोंद चढू देऊ नका, आणि घेतलेल्या सुताच्या मानाने चादरी जास्त दिसल्या की नोंद तिथेच अडवा.