हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिकं जास्त जोमानं वाढतील ना?
गहू, भात, सोयाबीनपुरतं हे अर्धं खरं आहे. त्यांच्यातलं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून अन्न बनवायला लावतं, पण त्याऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि मग काही कार्बन व ऊर्जा वाया जाते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही गळती कमी होते. मका-ज्वारीत ती मुळातच नगण्य, म्हणून त्यांना फारसा फायदा नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला की पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) कमी उघडतात, पाणी वाचतं, हे मात्र सगळ्यांनाच लागू. पण बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून वाफ बाहेर जाणं, घटलं की पान तापतं, आणि उष्णतेत तीच गळती पुन्हा वाढते. खरा घोळ फुलोऱ्यात होतो: भात फुलताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की परागकण वांझ होऊ लागतात, दाणे पोचट राहतात. मग पानं कितीही हिरवीगार असोत! शिवाय जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेल्या गहू-तांदळाच्या दाण्यात प्रथिनं, जस्त, लोह कमी भरतं.