रविवारी पापाची कबुली आणि सोमवारी परत तेच, याला विश्वास म्हणायचा का?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑफिसमधला तुमचा ख्रिश्चन मित्र दर रविवारी न चुकता चर्चला जातो, तिथे पापांची क्षमा मागतो आणि सोमवारी "आमच्यासारखाच" टॅक्सीची खोटी बिलं लावतो. आणि येशूने सगळ्यांची पापं आधीच स्वतःवर घेतली असतील तर तुम्हा लोकांना भीती कशाची, बायबलप्रमाणे खरंच कोणी जगतं का.

मी पुण्यातलाच, मूळ घराणं नगरकडचं, पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. पाद्री वगैरे नाही, नोकरी करतो, त्यामुळे शास्त्रार्थ सांगणार नाही, जे मला कळलंय ते सांगतो.

आधी ते फुकट क्षमेचं. हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा पडलेला नाही. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं त्याच्या सहाव्या अध्यायात सुरुवातीलाच हा प्रश्न आहे, की कृपा वाढावी म्हणून पापातच राहायचं का, आणि लगेच तो म्हणतो कधीच नाही. म्हणजे तेव्हाही लोक हीच पळवाट काढत असणार, नाहीतर त्याने कशाला लिहिलं असतं.

पण माझं डोकं अडकलंय ते दुसऱ्याच एका शब्दावर. आमच्या घरी जुनं मराठी बायबल आहे, त्यात योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात "आपण आपली पापे पदरी घेतली तर" असं आहे. कबूल केली नाही, पदरी घेतली. आता आपल्याकडे पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात ते बहुतेक नवऱ्याबद्दल नाहीतर सेलमधे घेतलेल्या फ्रिजबद्दल, पण इथे उलटं आहे, आपणहून पदर पसरायचा आणि म्हणायचं की हो, हे माझंच आहे. चर्चमधे आम्ही कबुलीची प्रार्थना सगळे मिळून म्हणतो, आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं वगैरे, आणि त्या "आम्ही" मधे लपायला इतकं सोपं असतं की काय सांगू. दोनशे माणसं एका सुरात म्हणतात, त्यात माझं नेमकं कुठलं ते मलाही ऐकू येत नाही. तुमचा मित्र तिथेच बसत असेल. मीही तिथेच बसायचो.

पुण्याचंच सांगायचं तर गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन तुम्हाला माहीत असेल. १८९० साली तिथे व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला, त्यात टिळक होते, रानडे होते, आणि नंतर गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, हो तेच) नावं पेपरात छापून आणली आणि शहरभर गहजब झाला, मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायले म्हणून. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी तर त्यात काही चुकलंय असं स्वतःला वाटत नसतानाही मित्रांसाठी पुढे प्रायश्चित्त घेतलं. मला याची गंमत वाटते. चूक वाटत नसताना प्रायश्चित्त घेता येतं, आणि चूक धडधडीत माहीत असून न घेता वर्षभर मजेत राहता येतं. मी दुसऱ्या प्रकारातला.

तर माझं ऐका. वडगाव शेरीला आमचा एक वन बीएचके आहे, भाड्याने देतो. दोन वर्षांपूर्वी तिथे दोन मुली राहायच्या, दोघी खराडीला नोकरीला. मे महिन्यात त्यांनी सोडला तेव्हा मी डिपॉझिटमधून आठ हजार कापले, पेंटिंग आणि डीप क्लीनिंग असं लिहून. क्लीनिंग म्हणजे आमच्या सौ. आणि कामवाल्या मावशी यांनी अर्धा दिवस फरशी घासली. पेंटिंग झालंच नाही. स्विचबोर्डजवळ एक काळपट डाग होता त्यावर मी कॅलेंडर लावलं, आणि चार दिवसांत पुढचे भाडेकरू आले, त्यांनी कॅलेंडर हलवलंही नाही. त्यातल्या एका मुलीने मेसेज केला होता, काका, भिंत आम्ही आलो तेव्हाही अशीच होती, सोबत फोटो, त्यावर तारीख. मी बघितला. निळ्या टिका गेल्या. उत्तर दिलं नाही. पुण्यात सगळेच कापतात हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते वचन असल्यासारखं पाठ झालं.

मग पुढच्या वर्षी मी जानेवारीपासून वर्षभरात बायबल वाचून काढायचं ठरवलं. हे प्रकरण कसं असतं माहितीये का, उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं जोरात होतात, मग तिसरं लेवीय आलं की भल्याभल्यांची गाडी बंद पडते, नुसते यज्ञ, चरबी आणि गुर्दे. मी पण रेटत होतो, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता, सकाळी चहाबरोबर वाचत होतो, आणि सहाव्या अध्यायात काय आलं तर शेजाऱ्याने तुझ्याकडे ठेवलेल्या ठेवीच्या बाबतीत तू लबाडी केलीस तर. ठेव! म्हणजे डिपॉझिटच की. तिथे पुढे स्पष्ट सांगितलंय की मूळ रक्कम पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, आणि ज्याची आहे त्यालाच दे. आठ हजारांचा पाचवा हिस्सा सोळाशे. हा हिशोब मी लगेच केला, आणि पुढचे तीन आठवडे काहीच केलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी फार धार्मिक झालो होतो. रोज ५१ वं स्तोत्र वाचायचो. त्यात दावीद राजा देवाला म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलंय. मला ते वाक्य फार आवडायला लागलं, कारण मामला देवाशीच असेल तर तो फुकटात मिटतो, कुणाला फोन करावा लागत नाही. हे लक्षात आलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. दावीदाने ज्या उरीयाला त्याच्या बायकोपायी मारवलं तो परत येणार नव्हता, त्याला काही परत देणं शक्यच नव्हतं. माझ्या बाबतीत ती मुलगी हैद्राबादला गेली होती आणि तिचा नंबर माझ्या फोनमधे होता.

मेसेज चारदा लिहिला. पहिल्यात "काही गैरसमजामुळे" होतं, दुसऱ्यात "हिशोबात चूक झाली असावी". शेवटी लिहिलं की पेंटिंग मी केलंच नव्हतं, तुमचे पैसे मी ठेवून घेतले, तुमचा फोटोही बघितला होता, नऊ हजार सहाशे पाठवतोय. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "काका तुमचा फोन हॅक झालाय का?" मग फोन केला. ती ऐकत होती, मधे मधे हं म्हणत होती. शेवटी म्हणाली, तेव्हा नवीन फ्लॅटचं डिपॉझिट भरायला कमी पडत होते म्हणून मैत्रिणीकडून उसने घेतले होते, ते फेडायला चार महिने गेले. रागाने नाही, नुसतं सांगितलं. त्याला कुठला पाचवा हिस्सा पुरणार. मी तिच्या "असू दे काका, माफ केलं" ची वाट बघत होतो, ती काही तसं म्हणाली नाही, अर्धे रूममेटला पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल मग क्षमा मिळाली का. देवाची मिळाली असा माझा विश्वास आहे, आणि ती पैसे दिल्यामुळे मिळाली असं मी मानत नाही, तसं असतं तर येशूची गरजच उरली नसती, सगळं जीपेवर भागलं असतं. पण क्षमा खरंच हवी असेल तर पैसे दाबून ठेवता येत नाहीत, एवढंच मला कळलं. जकातवसुलीत लोकांना नाडणाऱ्या जक्कयचं बघा ना, येशू त्याच्या घरी उतरतो म्हटल्यावर तो आपणहून चौपट परत द्यायला निघाला, येशूने बिल मागितलं नव्हतं.

आणि हे एकदा करून संपत नाही हो. पंडिता रमाबाईंसारखी बाई, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करून मूळ भाषांतून मराठीत बायबल आणणारी, तिचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि तिनेच नंतर लिहिलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटायला आणखी वर्षं लागली. मग माझं काय. मागच्या महिन्यात आताच्या भाडेकरूच्या बाथरूमचा नळ बदलला, प्लंबरने साडेसहाशे घेतले, आणि त्याला मेसेज करताना माझं बोट नऊशेवर गेलंच होतं. पुसलं. पण गेलं होतं.

तर बायबलप्रमाणे कोणी जगतं का, तर मला तरी पूर्ण जमलेलं नाही. आणि तुमच्या मित्राला खोट्या बिलांबद्दल विचारायचंच असेल तर चारचौघांत टोमणा मारू नका, एकट्याला गाठून विचारा, मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूने तशीच पद्धत सांगितलीय, आधी दोघांतच. फक्त प्रश्नात तुम्ही "आमच्यासारखाच" असं लिहिलंय, ते मी वाचलंय हं.