स्वस्त मुक्काम आणि हिरोची गाडी : निपाणीच्या भावाला उत्तर

निपाणीच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीनंतर आई-वडील, बायको आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन गोकाक, सौंदत्ती, कित्तूर, हलशी आणि बेळगाव असा चार दिवसांचा फेरा करायचाय. मुक्कामाला रात्री दीड हजाराच्या वर जायचं नाही. त्याआधी नवी गाडी घ्यायचीय, पण वडिलांच्या मनात टीव्हीवरच्या त्यांच्या आवडत्या हिरोची गाडी बसलीय. मुक्काम कुठं करावा आणि वडिलांना कसं समजवावं, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. खोलीचा फोटो आणि हिरोचा चेहरा, दोन्ही पैसे देऊन लावलेले असतात. त्या खोलीत फोटोवाला झोपत नाही, आणि त्या गाडीतून हिरो तुमच्या आईला घेऊन घाट चढत नाही. तेव्हा विचारायचं त्यांना, ज्यांचा त्यात काही फायदा नाही.

मी पंपसेट विकायला 26 वर्षं चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती, खानापूर असा फिरलोय. भत्ता बेताचा होता, त्यामुळं महिन्यातल्या दहा-बारा रात्री लॉजवर जायच्या. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिलं म्हणजे, खोली बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालक काउंटरवरूनच किल्ली पुढं करतो, आपण दमलेलो असतो, घेऊन टाकतो. तसं करू नका. तुम्ही किंवा वहिनी, एकानं वर जाऊन यायचं, बाकीच्यांनी गाडीत बसायचं. आधी बाथरूम बघा. नळ सोडा, फ्लश ओढा, आतली कडी लागते का बघा. मग खिडकी उघडते का, पलंगाजवळ चार्जिंगचा पॉइंट आहे का. चादर आपल्यासमोर बदलून मागा. यात लाजण्यासारखं काही नाही, चांगला मालक स्वतःच पोराला हाक मारून बदलायला लावतो. जो कुरकुरतो त्याच्याकडं राहायचंच नाही.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर जपा, हे मी हात जोडून सांगतो. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गरगर होते आणि तो तिथंच कोसळतो. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवलेला असेल तर उत्तम. आत असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, आणि मगच आंघोळीला आत जा. मुलीला आणि आईंना तर त्या गिझरखाली अजिबात सोडू नका. त्यापेक्षा सोलरचं पाणी बरं. मात्र ते सकाळी लवकर संपतं, आणि आदले दोन दिवस ढगाळ गेले असतील तर कोमटच मिळतं. बऱ्याच लॉजवर सांगितलं की बादलीभर कढत पाणी वर आणून देतात, ते आधी विचारून ठेवा.

तुम्ही पाच जण, म्हणून दोन खोल्या घेण्यापेक्षा 'फॅमिली रूम' आहे का विचारा. देवदर्शनाच्या वाटेवरच्या गावांत चार खाटांच्या खोल्या असतात, मुलीसाठी एक जादा गादी मागायची. गादीचे पैसे आधी ठरवा, नाहीतर सकाळी बिलात भलताच आकडा दिसतो. चेकआउट कसं आहे तेही विचारा. काही ठिकाणी दुपारी बाराला खोली सोडावी लागते, काही ठिकाणी आपण आल्यापासून 24 तास धरतात. रात्री आठला पोचणाऱ्याला 24 तासवाला लॉज फार परवडतो, सकाळी सौंदत्तीला दर्शन करून परत येऊन जेवून निघता येतं. मोठ्यांची सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. कराचंही बघा. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. कुणी अजून 12 लावत असेल तर पक्कं बिल मागा.

गाडी रात्री कुठं उभी राहणार, हे खोलीइतकंच महत्त्वाचं. आवारात फाटक असेल आणि रात्री ते लागत असेल तर चांगलं. हायवेलगत ट्रक उभे राहतात तिथं पहाटे निघायचं असेल तर आपल्यापुढं कोण लावतोय ते झोपण्याआधी एकदा बघून या. हायवेवर लॉज आपल्याच बाजूला आहे की दुभाजकाच्या पलीकडं, हेही फोनवर विचारून घ्या. अंधारात उलट्या दिशेनं गाडी घालायचा मोह तिथंच होतो आणि अपघातही तिथंच होतात. खाली 'बार अँड रेस्टॉरंट' आणि वर लॉजिंग, असं असेल तर कुटुंबाला घेऊन नको. खाली खानावळ असलेली जागा बघा. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि एणगाई मिळाली की आई-वडीलही खूश.

आता गावागावानं. गोकाकला धबधबा गावापासून थोडा बाहेर आहे. मुक्काम गावात करा, धबधब्याजवळ खोली शोधत बसू नका. दिवाळीनंतर पाणी कमी झालेलं असतं, पण झुलता पूल आणि 52 मीटरचा तो कडा बघण्यासारखाच आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर देवस्थानाच्या खोल्या आहेत आणि खाली गावात लॉज. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मार्गशीर्ष पौर्णिमेला तर कोल्हापूर-सांगलीकडून इतके भक्त येतात की खोली राहूद्या, गाडी लावायला जागा मिळत नाही. कित्तूरला 23 ते 25 ऑक्टोबरला उत्सव असतो. त्या तारखा तुमच्या फेऱ्यात येत असतील तर कित्तूरचा मुक्काम काढून टाका. हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ शांतपणे बघा, आईंना फार आवडेल, पण मुक्कामाचा भरवसा तिथं धरू नका, खानापूर किंवा बेळगाव गाठा.

बेळगावात मध्यवर्ती बसस्टँड, खडेबाजार आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास तुमच्या दीड हजारात बसणारे लॉज मिळतील. नेहरूनगरला मोठ्या हॉस्पिटलभोवतीही आहेत, पण तिथं पेशंटच्या नातेवाइकांची गर्दी असते, आणि त्या खोल्या त्यांनाच राहूद्यात असं मला वाटतं. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की शहरातल्या खोल्या आधीच अडकतात आणि दर चढतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती असली की बसस्टँडकडचे लॉज पोरांनी भरून जातात. दोन्हीची तारीख पेपरात येते, निघण्याआधी बघून घ्या. सीमेवर ताण असला की दोन्हीकडच्या एसटी थांबतात, तुम्हाला हे सांगायला नको. अशा दिवशी खासगी गाडीनंही चौकशी करूनच निघावं. 1 नोव्हेंबरला बेळगाव शहरातून गाडी काढायचा बेत ठेवू नका.

गोकाक-सौंदत्तीकडं मराठी चालते, पण दोन शब्द कन्नड बोललात की दरात नाही तरी वागण्यात फरक पडतो. 'रूम ऐतेन्री?', 'एष्ट्री?', 'बिसी नीर ऐतेन्री?' एवढं पुरे. समोरचा स्वतःहून मराठीवर येतो. इथं पुण्याकडची मंडळीही वाचत असतील, त्यांच्यासाठी सांगतो. कन्नड पाटीवर 'वसति गृह' लिहिलेलं असलं तर ते विद्यार्थ्यांचं वसतिगृहच असेल असं धरू नका, पुष्कळदा तो लॉज असतो.

अ‍ॅपवरून बुक करावं का? मोठ्या शहरात करा. आपल्या तालुक्याच्या गावांत मी करत नाही. तीन वर्षांमागं जाहिरातीत मोठमोठे चेहरे असलेल्या एका अ‍ॅपवरून खोली घेतली होती. सौ. आणि मी रात्री दहाला पोचलो, तर मालक म्हणाला, "मामा, ते अ‍ॅप आम्ही कधीच सोडलंय." पैसे कापलेले, पाऊस कोसळतोय, सौ. गाडीत कंबर धरून बसलेली. शेवटी जवळच्या ढाब्यावाल्यानं एक जागा सांगितली आणि ती खरंच स्वच्छ निघाली. तेव्हापासून अ‍ॅपवर फक्त फोन नंबर शोधतो, लॉजला स्वतः फोन करतो, आणि रोज संध्याकाळी सहा-सातच्या आत मुक्कामाचं गाव गाठतो. उजेडात पोचलं की नाही म्हणायची ताकद राहते.

आता वडिलांचा हिरो. वडिलांना हसू नका. चेहऱ्याचा उपयोग अगदीच नसतो असं नाही. 1998 साली ह्युंदाईचं नाव आपल्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं. सँट्रोच्या जाहिरातीत शाहरुख खान आला आणि नवख्या कंपनीला घराघरांत ओळख मिळाली. पण ओळख करून देणं एवढंच चेहऱ्याचं काम. पुढं गाडी टिकली ती लोकांनी वापरून बघितली म्हणून.

उलट बाजूही वडिलांना सांगा. 2001 मध्ये मारुतीनं व्हर्सा आणली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक, दोघंही. यापेक्षा मोठे चेहरे त्या काळी कुठून आणणार? तरी ती गाडी चालली नाही. लोकांना किंमत जास्त वाटली. मग 2010 मध्ये जवळपास तोच सांगाडा साध्या रूपात, कमी किमतीत, इको या नावानं आला. आज वडापला कोण आहे, शाळेच्या पोरांना कोण आणतंय, यल्लम्माला दहा माणसं कशातून जातात ते तुमच्या निपाणीच्या स्टँडवर उभं राहून वडिलांना दाखवा. बच्चन बापलेकांना जे जमलं नाही ते किंमत आणि उपयोगानं करून दाखवलं. इनोव्हाच्या जाहिरातीत आमिर खान होता, पण आपल्याकडं इनोव्हाचं नाव झालं ते टॅक्सीवाल्यांच्या तोंडून. आणि 2015 मध्ये टाटांनी मेस्सीला घेतलं. कोल्हापूर-बेळगावात फुटबॉलचं वेड असलेल्या पोरांनी त्याचे फोटो लावले, पण म्हणून माझ्या ओळखीच्या एकानंही टियागो घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांनी पत्रा आणि किंमत बघून घेतली.

कायदाही आता ढिला नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि काही काळ जाहिरात करायला बंदीही येते. चौकशी करूनच जाहिरात केली हे त्यानं दाखवलं तर मात्र तो सुटतो. पण 'ही गाडी म्हणजे रुबाब' हे वाक्य खोटं ठरवायचं कसं? कायदा तिथं पोचत नाही, आपल्यालाच बघावं लागतं.

जाहिरातीत जे सांगत नाहीत ते बघा. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यातल्याच एका गाडीचा एअरबॅगवाला प्रकार पुन्हा तपासला तेव्हा चार तारे मिळाले. जाहिरातीत गाडी एकच दिसते, शोरूममध्ये तिचे सहा प्रकार असतात. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झालीय. मोठ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी तारे वेगवेगळे दिलेले असतात. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, तेव्हा मुलांचे तारे आधी बघा. लहान मुलाची सीट बसवायचे आयसोफिक्सचे हूक आणि मागं मधल्या माणसालाही खांद्यावरून येणारा पट्टा, हे तुम्ही घेणार त्याच प्रकारात आहे का विचारा. मायलेजचा छापील आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चालवून काढलेला असतो, पाच माणसं आणि एसी लावून चोर्ला घाटात तो मिळणार नाही.

मी स्वतः एकदा चेहऱ्यावर भुलून गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडी वाईट नव्हती, पण जवळचं सर्व्हिस सेंटर बंद पडलं आणि एका सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे हुबळीला पडून राहिली. ऐन हंगामात मी एसटीनं पंपाचे कॅटलॉग वाहत होतो. म्हणून वडिलांना घेऊन आधी निपाणी-चिकोडीतल्या दोन मेकॅनिककडं जा. 'या गाडीचे पार्ट कुठून येतात, किती दिवसांत?' एवढंच विचारा. मग त्याच मॉडेलची टॅक्सी चालवणारा एखादा अण्णा गाठा, त्याला चहा पाजा आणि लाखभर किलोमीटर झाल्यावर काय काय बदललं ते ऐका.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. एकट्यानं शोरूमभोवती चक्कर मारू नका. पाचही जणांना बसवा, दोन बॅगा टाका, एसी लावा आणि तवंदी घाट चढवा. तो तर तुमच्या दारातच आहे. वर गेल्यावर थांबा आणि आईंना मागच्या सीटवरून स्वतःच्या स्वतः उतरू द्या. त्यांचे गुडघे काय म्हणतात ते वडिलांनाही ऐकू द्या. फेरा करून आलात की कुठल्या गावात खोली कशी मिळाली, पाणी कसं होतं ते इथं नक्की लिहा. माझी माहिती दोन वर्षांपूर्वीची आहे, आणि डिसेंबरात मलाही सौंदत्तीला जायचंय.