'सगळाच पुरावा संबद्ध वाटतो': बार परीक्षेआधीची एक धास्ती

वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेच्या तयारीत असलेली एक विधी पदवीधर मुलगी माझ्याकडे आली, ती पुरावा कायद्याची धास्ती घेऊनच. "सर, कलमं पाठ आहेत, पण प्रश्न वाचला की एक तर सगळंच संबद्ध वाटतं, नाही तर काहीच नाही." ही तक्रार मी अनेकांकडून ऐकतो.

चुकलेले प्रश्न मी तिला मोठ्याने वाचायला सांगितले. विषप्रयोगाने झालेल्या खुनाचा खटला. मृत्यूपूर्वी आरोपीने तसेच विष मिळवले होते, असे एक विक्रेता सांगतो. तिचे उत्तर होते 'असंबद्ध'. कारण विचारले, तर म्हणाली, "विक्रेता खोटं बोलत असेल तर?" अडचण तिथे होती. साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा पुराव्याच्या वजनाचा प्रश्न असून त्याचा निवाडा शेवटी होतो. संबद्धतेचा प्रश्न त्याआधीचा, आणि तो एवढाच की, हे तथ्य खरे धरल्यास वादाच्या मुद्द्याशी त्याचा कायद्याने मान्य केलेला संबंध लागतो का. पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 6 ने हेतू, तयारी आणि वर्तन यांचा संबंध मान्य केला आहे, आणि विष मिळवणे ही तयारीच आहे.

दुसरी चूक उलट दिशेची होती. चोरीच्या खटल्यात आरोपीची जुनी चोरी तिला संबद्ध वाटली, आणि कोणालाही तसेच वाटेल. परंतु कलम 49 नुसार, आरोपीच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा आधी दिला गेला नसेल, तर त्याचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सामान्यतः असंबद्धच ठरते. पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली तर मुद्द्याला थेट भिडते, तरीही कलम 23 ती आरोपीविरुद्ध सिद्ध करू देत नाही. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून काही उघडकीस आले, तर त्याच्याशी स्पष्टपणे जोडलेला भाग तेवढा चालतो.

सरावाच्या प्रत्येक प्रश्नाशेजारी आधी वादाचा मुद्दा, मग संबंध जोडणारे कलम आणि शेवटी मनाई करणारे कलम लिहायचे, असे आम्ही ठरवले. "परीक्षेच्या शंभर प्रश्नांत पुरावा कायद्याचे आठच, त्यासाठी एवढं?" असे तिने विचारले, तेव्हा मी कलम 141 काढून दाखवले: हे तथ्य सिद्ध झाले तर ते संबद्ध कसे ठरेल, असे न्यायाधीश पुरावा देऊ पाहणाऱ्या पक्षाला विचारू शकतात, आणि वकिलीची सनद हाती आल्यावर ते उत्तर तिलाच उभे राहून द्यायचे आहे.