फ्रेंच डिझायनरच्या ब्रोचवर 'जर्मनी' लिहिलंय, म्हणजे तो नकली का?

मावशीच्या डब्यात निळ्या खड्यांचा ब्रोच निघाला, मागे डिओरचं नाव, १९६२ आणि 'जर्मनी', आणि सोनार बघताक्षणी नकली म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. तो कुणाला देऊन टाकू नका. उलट त्या 'जर्मनी'मुळेच मला तो अस्सल असावा असं वाटतंय.

ख्रिस्तियन डिओरचे कपडे पॅरिसचे, पण दागिने घडवायला त्यानं बाहेरचे कारागीर धरले. आधी इंग्लंडमध्ये मिचेल मेअर, मग १९५५पासून जर्मनीतल्या फोर्त्सहाइमची हेंकेल आणि ग्रोसे ही पेढी. फोर्त्सहाइम म्हणजे दागिने घडवणाऱ्यांचंच गाव. फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते बेचिराख झालं, आणि दहा वर्षांत तिथले कारागीर पॅरिससाठी खडे बसवू लागले. मी जवळच कार्ल्सरूहला राहते. फोर्त्सहाइमच्या रस्त्यांवरून जाताना हे आठवतं आणि गलबलून येतं.

ही पेढी डिओरच्या नावासोबत सालही उमटवायची. डिओर १९५७लाच गेला होता, पण नाव चालूच राहिलं, म्हणून १९६२ बघून दचकू नका. १९६२मध्ये त्याच्या फॅशन-पेढीची सूत्रं मार्क बोहान या डिझायनरकडे होती.

मात्र नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका, शिक्का कुणीही मारतो. ब्रोच उलटा करून पाठ बघा. माझ्याकडे १९६४चा पानाच्या आकाराचा एक आहे. भिंगाखाली धरला की प्रत्येक खडा धरून ठेवणारी धातूची नखं दिसतात, टोकं इतकी घोटलेली की रेशमी पदरावर लावला तरी धागा ओढला जात नाही. पाठीचं कामही समोरच्याइतकंच साफ. स्वस्त नकलेत बहुतेकदा खडे नुसते चिकटवलेले असतात आणि पाठ खडबडीत सुटलेली असते.

सोनं नाही, हे सोनाराचं खरंच आहे. धातूवर मुलामा, खडे काचेचे. पण या कामाची किंमत तोळ्यावर ठरत नाही.

आणि कळकळीनं सांगते, रिठ्याच्या पाण्यात बुडवू नका! काचेच्या खड्याला मागून चकाकीचा पातळ लेप असतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा विझतो. माझी कानातली एक सुंदर जोडी अशीच गेली. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, मलमलीत गुंडाळून वेगळा ठेवा. पिन सैल असली तर सोनाराला डाग द्यायला सांगू नका, आचेनं मुलामा जातो.