अजाईल पद्धतीचे खरे फायदे-तोटे कोणते?

अजाईल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवायचं आणि दर टप्प्याला वापरणाऱ्यांचं मत घेत पुढे जायचं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चूक लवकर कळते. एका बिलिंग ॲपचा डेमो आम्ही पहिल्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतरच (अशा एका टप्प्यानंतरच) दिला. काउंटरवरच्या ताई लगेच म्हणाल्या, "गर्दीत मी माउसला हात लावत नाही, सगळं कीबोर्डवर हवं." हेच सहा महिन्यांनी कळलं असतं तर निम्म्या स्क्रीन पुन्हा लिहाव्या लागल्या असत्या.

तोटे बहुतेक राबवण्यातून येतात. २००१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यात प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद वर ठेवलाय. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं. १५ मिनिटांचं स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) पाऊण तास चालतं आणि जो तो मॅनेजरला हजेरी देतो. स्टोरी पॉइंट हा निव्वळ कामाचा अंदाज. त्यावरून माणसांची तुलना सुरू झाली की आकडे फुगतात. हे मला फार खटकतं. डॉक्युमेंटेशन मागे पडतं ते वेगळंच. जुना माणूस सोडून गेला की नवा अडकतो.

रक्कम, तारीख आणि स्कोप (कामाची व्याप्ती) तिन्ही आधीच ठरलेलं कंत्राट असेल तर ही पद्धत जमवणं अवघड. टीम नवी असेल तर रेट्रो, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी काय जमलं आणि काय चुकलं यावर बोलायची बैठक, मात्र चुकवू नका.